साइट बंद, काम चालू

१७ ऑगस्ट २०२१, मंगळवार. संध्याकाळी सहाला न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न टीव्हीवर आल्या आणि त्याच रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून सगळा देश लेव्हल ४ मध्ये, म्हणजे कडक टाळेबंदीत, जाईल असं त्यांनी सांगितलं. ऑकलंडमध्ये कोविडचा एक रुग्ण सापडला होता. त्या वेळी आमच्या घराची लाकडी फ्रेम उभी होती आणि छपराचे पत्रे शुक्रवारी यायचे होते. साडेसहाला बिल्डरचा फोन आला, "दोन पोरं पाठवतोय, जमेल तेवढं झाकतील." टाळं लागायच्या आत अर्ध्या घरावर ताडपत्री बसली. उरलेलं अर्धं पुढचे पाच आठवडे पावसात भिजलं.

साइट उघडली तेव्हा बिल्डरने ओलावा मोजायचं यंत्र काढलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, पुढे दोन टोकदार सुया. भिंतीच्या तळाच्या आडव्या लाकडात त्याने त्या सुया खुपसल्या. आकडा आला २७. आतून बोर्ड लावायचे तर लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. छप्पर चढलं, खिडक्या बसल्या, तरी तळाची लाकडं वाळायचं नाव घेईनात.

पण खरी चूक पावसाची नव्हतीच. त्या पाच आठवड्यांत आम्ही घरात बसून बातम्या बघितल्या, केळ्याचा केक केला आणि घराच्या बाबतीत एकही निर्णय घेतला नाही. साइट बंद म्हणजे सगळंच बंद, असं धरून चाललो. साइट उघडल्यावर बिल्डरने विचारलं, "शॉवरचा ट्रे कुठला? नळ कुठले? किचनचा ओटा कुठला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते ठरवायला तीन आठवडे गेले आणि ठरल्यावर कळलं, निवडलेला ट्रे यायला तीन महिने लागतील.

म्हणून या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: साथीत हातांचं काम थांबतं, ते आपल्या हातात नसतं. निर्णयांचं आणि कागदांचं काम मात्र थांबू द्यायचं नाही, ते पूर्णपणे आपल्या हातात असतं. पुढचं संकट साथीचंच असेल असंही नाही. जानेवारी २०२३ चा ऑकलंडचा पूर आणि पाठोपाठ आलेलं गॅब्रिएल चक्रीवादळ आठवा. तयारी तीच लागते.

इथे ग्राहक नाही, मालक आहात

आपल्यापैकी बहुतेकांना पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट बुक करायची सवय. तिथे प्रकल्प बिल्डरचा, आपण रांगेतले एक. इथे जमीन आपल्या नावावर, बांधकामाचा करार आपल्या सहीचा आणि बँकेचा प्रत्येक हप्ता आपण हो म्हटल्याशिवाय सुटत नाही. फरक साथीत लख्ख दिसला. महाराष्ट्रात मे २०२० मध्ये महारेराने नोंदणीकृत प्रकल्पांना सरसकट सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. इथे मात्र तुमच्या घराची तारीख पुढे जाते का, किती जाते आणि त्याचा भुर्दंड कोणावर, हे तुमच्या करारातलं कलम ठरवतं.

३०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या निवासी कामाला लेखी करार कायद्यानेच लागतो. सही करायच्या आधी बिल्डरने तुम्हाला माहितीपत्रक आणि तपासणी यादीही द्यायची असते. हे कागद कपाटात टाकू नका. करार हातात घेऊन पाच गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारा:

१. मुदतवाढ: सरकारी आदेशाने काम थांबलं तर किती दिवस वाढतात? बिल्डरने ते किती दिवसांत लेखी कळवायचं आहे?

२. भाव: ठरलेली रक्कम खरोखरच ठरलेली आहे, की माल महागला तर वाढवायची सोय आत आहे? असेल तर पुरावा काय द्यायचा? व्यापाऱ्याची जुनी आणि नवी दोन्ही बिलं मागायचा हक्क त्यात लिहून घ्या.

३. अंदाजी रकमा: टाइल्स, किचन, खोदकाम अशा बाबींसाठी करारात नुसता अंदाज धरलेला असतो. भाववाढ पहिल्यांदा इथूनच आत शिरते. या बाबी जितक्या लवकर नक्की कराल, तितकं हे दार बंद होईल.

४. थांबलेल्या दिवसांचा खर्च: परांचीचं भाडं, कुंपणाचं भाडं, तात्पुरत्या शौचालयाचं भाडं. काम बंद असलं तरी ही मीटर चालूच राहतात. ती कोण भरणार?

५. करार मोडायची वाट: कोण, कधी आणि कशी नोटीस देऊन बाहेर पडू शकतो?

अजून सही झाली नसेल तर वकिलाला हे पाच मुद्दे दाखवा. झाली असेल तर निदान आपण कुठे उभे आहोत ते कळेल. न कळता भांडणं हा सगळ्यांत महागडा प्रकार.

सहा तासांत झाकता येईल अशी साइट

मार्च २०२० मध्ये सोमवारी दुपारी घोषणा झाली आणि बुधवारी मध्यरात्री टाळं लागलं. आवरायला दोन दिवस मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाले सहा तास. म्हणजे साइट दर शुक्रवारी अशी असायला हवी की वेळ आली तर एका संध्याकाळी झाकून घरी जाता येईल.

न्यूझीलंडमध्ये पाण्याची धास्ती उगाच नाही. नव्वदच्या दशकात इथे प्रक्रिया न केलेलं लाकूड आणि पाणी आत घेणाऱ्या भिंती वापरून हजारो घरं बांधली गेली आणि ती आतून कुजली. त्या 'लीकी होम्स'च्या खटल्यांत कौन्सिलांना आणि घरमालकांना अब्जावधी डॉलर मोजावे लागले. म्हणून इन्स्पेक्टर ओलाव्याच्या बाबतीत कोणाचंही ऐकत नाहीत.

बिल्डरशी बसून एक पानाची 'बंद करायची यादी' करा. फ्रेम उघडी असेल तर ताडपत्री आणि पट्ट्या साइटवरच ठेवलेल्या हव्यात, दुकानात नव्हे, कारण त्या संध्याकाळी दुकानात झुंबड असते. भिंतीवर लावलेला कागद, म्हणजे बिल्डिंग रॅप, उन्हात किती दिवस टिकतो ते उत्पादकाच्या पत्रकात असतं. ती तारीख मोजून भिंतीवरच लिहून ठेवा. इन्सुलेशनची बंडलं आणि आतल्या बोर्डांचे गठ्ठे घर पाणीबंद झाल्याशिवाय साइटवर उतरवून घेऊ नका. तात्पुरती वीज बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, कुंपणाला कुलूप, परांचीला धोक्याची पाटी. आणि शेवटचं काम: निघण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो. विमा कंपनी पुढे पहिला प्रश्न हाच विचारते, "बंद केलं तेव्हा काय स्थिती होती?"

तारखांचा क्रम लावताना आणखी एक हिशेब ठेवा. छप्पर आणि खिडक्या हा घराचा उंबरठा समजा. तो ओलांडला की घर वाट बघू शकतं. तो ओलांडायच्या आत अडकलं तर दर आठवड्याला नुकसान वाढतं. छपराचा माल हातात आल्याशिवाय फ्रेम उभी करायची घाई करू नका. स्लॅब महिनाभर उघडा राहिला तर फारसं बिघडत नाही, फ्रेमचं बिघडतं.

मालाची यादी उलटी लिहा

आपण यादी पहिल्या कामापासून लिहितो. ती शेवटच्या दिवसापासून उलटी लिहा. घराचा ताबा कधी हवा? त्याआधी किचन कधी बसलं पाहिजे? ते बनायला किती आठवडे? म्हणजे रंग आणि दारांचा निर्णय कधी? तक्त्याला चार रकाने पुरतात: काय हवं, साइटवर कधी हवं, ऑर्डर कधी गेली पाहिजे, सध्या कोणाकडे अडकलंय. शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव किती वेळा येतं ते बघून धक्का बसतो. आमच्या तक्त्यात पहिल्या आठवड्यात अकरा ओळींपैकी सात ठिकाणी आमचंच नाव होतं.

सर्वांत आधी उरकायच्या गोष्टी त्या, ज्या मापाने बनतात किंवा समुद्रातून येतात. छपराच्या कैच्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, गॅरेजचं दार, किचन ही मापाची कामं. नळ, शॉवर, टाइल्स, ओव्हन, दिवे हा परदेशी माल. २०२० च्या अखेरीस ऑकलंड बंदरात जहाजांच्या रांगा लागल्या, कंटेनर महिनोन्महिने उशिरा आले. त्या काळात 'दुकानात बघून ठरवू' म्हणणाऱ्यांची बाथरूमं सगळ्यांत शेवटी झाली. प्रत्येक परदेशी वस्तूला एक पर्याय असा निवडा जो देशातल्या गोदामात आज आहे. पर्याय आवडायलाच हवा असं नाही, चालायला हवा.

बिल्डरला हेही विचारा की त्याचं खातं कुठल्या व्यापाऱ्याकडे आहे आणि दुसरं कुठे आहे का. मार्च २०२१ मध्ये कार्टर होल्ट हार्वे या बड्या लाकूड कंपनीने मायटर टेन आणि बनिंग्जसारख्या दुकानांना बांधकामाचं लाकूड देणं थांबवलं. ज्यांचं खातं तिथेच होतं, ते एका रात्रीत रांगेच्या शेवटी गेले.

माल आधीच विकत घेऊन ठेवावा का? ठेवावा, पण पैसे देताना डोळे उघडे ठेवून. बिल्डरच्या गोदामात पडलेल्या मालाचे पैसे तुम्ही भरले आणि बिल्डरच बुडाला, तर तो माल तुमचा आहे हे सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून तीन अटी: मालकी तुमच्याकडे आल्याचा लेखी कागद, तुमच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या मालाचा फोटो, आणि तिथे असेपर्यंतचा विमा. रक्कम मोठी असेल तर वकिलाला पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत तुमचा हक्क नोंदवता येईल का ते विचारा. जमलं तर माल सरळ साइटवर, कुलूपबंद गॅरेजमध्ये घ्या.

जिबची गोष्ट: एक बोर्ड बदलला तर काय काय बदलतं

आमच्यामागून वर्षभराने बांधायला घेतलेल्यांच्या वाट्याला वेगळंच संकट आलं. इथे आतल्या भिंतींच्या जिप्सम बोर्डाला सगळे 'जिब'च म्हणतात. जिब हे एका कंपनीच्या मालाचं नाव आहे, पण आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. ही विन्स्टन वॉलबोर्ड्स कंपनी फ्लेचर बिल्डिंगची, आणि बाजारातला नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा तेव्हा तिचाच होता. मे २०२२ ला संपलेल्या वर्षात देशात ५१ हजारांच्या वर नव्या घरांना मंजुरी मिळाली, तो विक्रम होता. मागणी अशी आणि कारखाना एका कंपनीचा. व्यापाऱ्यांना बोर्ड रेशनसारखे वाटून मिळू लागले. जून २०२२ मध्ये मंत्री मेगन वुड्स यांनी त्यासाठी खास कार्यगट नेमला.

"मग दुसऱ्या कंपनीचे बोर्ड लावा की," असं कोणीही म्हणेल. गुंतागुंत इथेच आहे. लाकडी घर वाऱ्यात आणि भूकंपात तिरकं होऊ नये म्हणून काही भिंती ताठ ठेवाव्या लागतात, त्याला ब्रेसिंग म्हणतात. न्यूझीलंडच्या बहुतेक घरांत हा ताठपणा खुद्द बोर्डच देतो. नकाशात एक ब्रेसिंगचं पान असतं, त्यात भिंतीशेजारी लहान अक्षरांत खुणा असतात: कुठला बोर्ड, किती लांबीचा, स्क्रू किती अंतरावर, तळाचं लाकूड जमिनीला कसं जखडायचं. हे सगळं मिळून एक तपासलेली पद्धत बनते. एका कंपनीच्या पद्धतीतला बोर्ड काढून दुसऱ्याचा घातला आणि स्क्रू पहिल्याच अंतरावर मारले, तर भिंत दिसायला तशीच राहते, पण मंजूर नकाशातली राहत नाही. हद्दीलगतच्या भिंतीत आग रोखणारा बोर्ड असतो, बाथरूममध्ये ओल सोसणारा. त्यांचंही तेच.

बदल करायचाच तर क्रम असा ठेवा:

१. आधी आर्किटेक्ट किंवा ड्राफ्ट्समनला विचारा. "हा बोर्ड मिळत नाही, बाजारात हा मिळतोय, ब्रेसिंगचा हिशेब जुळतो का?" उत्तर ईमेलने घ्या.

२. नव्या मालाची तांत्रिक पत्रकं मिळवा: चाचणीचे आकडे, लावायची पद्धत, टिकाऊपणाची हमी. दुकानदाराचं "चालतं हो" हे पत्रक नव्हे.

३. कौन्सिलला विचारा की हा किरकोळ बदल, म्हणजे मायनर व्हेरिएशन, धरला जाईल का. त्याच तोडीच्या दुसऱ्या कंपनीचा आतला बोर्ड हे किरकोळ बदलाचं ठरलेलं उदाहरण आहे. पण ब्रेसिंगची रचनाच बदलली तर कन्सेंटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानगीत, रीतसर दुरुस्ती करावी लागू शकते आणि तिला पुन्हा वेळ लागतो.

४. बिल्डरकडून किमतीचा फरक लेखी घ्या, कमी होत असेल तरीही.

५. हे चारही कागद हातात आल्यावरच माल मागवा.

'आधी लावू, मग बघू' हा मार्ग मोहात पाडतो. पण शेवटचं कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे सीसीसी, अडलं की बँकेचा शेवटचा हप्ता अडतो आणि घर विकायची वेळ आली तर खरेदीदाराचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

कौन्सिलचं घड्याळ

बिल्डिंग कन्सेंटच्या तीन मुदती डायरीत लिहा. कन्सेंट मिळाल्यापासून १२ महिन्यांत काम सुरू झालं नाही तर ते रद्द होतं, मुदत वाढवून घेतली नसेल तर. कन्सेंट मिळाल्यापासून २ वर्षांत सीसीसीसाठी अर्ज आला नसेल तरी कौन्सिलला निर्णय घ्यावा लागतो, तोही मुदत वाढवून घेतली नसेल तर. आणि कन्सेंटच्या अर्जावर निर्णय द्यायला कौन्सिलला कामकाजाचे २० दिवस असतात, पण त्यांनी जास्तीची माहिती मागितली की घड्याळ थांबतं. ते पुन्हा चालू करणं तुमच्या उत्तरावर आहे. मुदत संपायच्या दोन महिने आधी एक साधं ईमेल पाठवलं की बहुतेक प्रश्न सुटतात. संपल्यावर पाठवलेल्या दहा ईमेलांनीही ते सुटत नाहीत.

इन्स्पेक्शनची तारीख हा साथीतला दुसरा अडथळा. स्लॅब ओतण्याआधी, फ्रेमनंतर, बोर्ड लावण्याआधी, बोर्ड लावल्यावर आणि शेवटी, अशा टप्प्यांवर इन्स्पेक्टर येतो आणि तो येऊन गेल्याशिवाय पुढचं काम झाकता येत नाही. काम झालं की बुक करू असं न म्हणता काम सुरू होतानाच तारीख घ्या. तुमची कौन्सिल व्हिडिओवर इन्स्पेक्शन करत असेल तर त्याची तयारी आधीच विचारून ठेवा. फोन कसा धरायचा, मोजपट्टी चौकटीत कशी दिसली पाहिजे, हे बिल्डरच्या एका माणसाला जमलं की दिवस वाचतात.

कागद शेवटी गोळा करायचे नसतात, जातायेता गोळा करायचे. फ्रेम, छप्पर, बाहेरची भिंत ही कामं परवानाधारक कारागिराने किंवा त्याच्या देखरेखीखाली करायची असतात आणि आपला भाग संपला की त्याने 'रेकॉर्ड ऑफ वर्क' द्यायचं असतं. इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र, प्लंबरची कागदपत्रं, वॉटरप्रूफिंगची हमी, सगळं काम झाल्याच्या आठवड्यात घ्या. सहा महिन्यांनी तो माणूस ऑस्ट्रेलियाला गेलेला असतो.

पैसा: पुढे धावू नका, मागेही राहू नका

उशीर म्हणजे नेमके किती पैसे, हे एकदा मांडून बघा. समजा चार लाख डॉलरचं कर्ज उचललं आहे, व्याज ६ टक्के. महिन्याचं व्याज २,००० डॉलर. राहत्या घराचं भाडं आठवड्याला ६५०, म्हणजे महिन्याला सुमारे २,८००. एक महिन्याचा उशीर ४,८०० डॉलरला पडतो. हा आकडा फ्रिजवर लावा. मग सातशे डॉलर वाचवण्यासाठी सहा आठवडे उशिरा येणारा नळ घ्यायचा का, याचं उत्तर वादावादी न करता मिळतं. व्याजदर स्थिर राहतील असंही धरू नका. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा दर ०.२५ टक्के होता, मे २०२३ मध्ये तो ५.५ झाला.

हप्त्यांच्या बाबतीत एकच नियम: टप्पा पूर्ण झाल्यावरच पैसे. बिल्डर अडचणीत आहे म्हणून पुढचा हप्ता आधी देणं ही माणुसकी वाटते, पण त्या पैशांनी कदाचित मागच्या घराचं देणं फिटत असतं. मदतच करायची असेल तर ठरलेला हप्ता त्याच दिवशी द्या, लहान बिल्डरला त्याचाच आधार मोठा असतो.

बिल पटत नसेल तर गप्प बसू नका. कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्ट्स ॲक्टप्रमाणे आलेल्या पेमेंट क्लेमला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं लागतं: इतके मान्य, इतके अमान्य, कारण हे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती कामकाजाचे २० दिवस असते. उत्तर दिलंच नाही तर पूर्ण रक्कम द्यावीच लागते. आपल्याकडची "बघू, बोलू नंतर" ही पद्धत इथे महागात पडते.

विम्याची आणि हमीची तारीखही तपासा. बांधकामाचा विमा ठरावीक मुदतीचा असतो. काम लांबलं की तो मध्येच संपतो. साइट बराच काळ रिकामी राहणार असेल तर विमा कंपनीला कळवा. मास्टर बिल्डर्स किंवा सर्टिफाइड बिल्डर्सची दहा वर्षांची हमी मिळेल असं बिल्डरने सांगितलं असेल, तर हमीचं पत्र तुमच्या नावाने आलं आहे का ते बघा. अर्ज करणं वेगळं आणि हमी लागू होणं वेगळं.

माणसं

२०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉन आला तेव्हा साइट बंद नव्हत्या, माणसं बंद होती. रुग्णाला आधी १४, मग १० आणि मार्चपासून ७ दिवस घरी राहावं लागे. टाइल्सवाला घरी बसला की त्याच्यामागचा प्लंबर पुढे ढकलला जातो, आणि प्लंबरची पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची असते. यावर दोन उपाय. एक, दोन कारागिरांच्या मध्ये दोन-तीन दिवस मोकळे सोडा. दुसरा, बाहेरच्या कामांची यादी हाताशी ठेवा: कुंपण, ड्राइव्हवे, गटाराचे पाइप. आतला माणूस आला नाही तर बाहेरचा येतो, आठवडा रिकामा जात नाही.

साइटची जमीन तुमची असली तरी कामाच्या वेळी ती बिल्डरच्या ताब्यात असते. न सांगता मुलांना घेऊन घर बघायला जाऊ नका. बिल्डरच्या माणसाला परस्पर फोन करून कामही सांगू नका. त्याने हमी आणि जबाबदारी दोन्ही गोंधळात पडतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांचा फोन. तक्ता समोर. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी चार ओळींचं ईमेल: काय ठरलं, कोण करणार, कधी.

त्या फोनमध्ये पहिलं वाक्य कामाचं नसलं तरी चालेल. बांधकाम क्षेत्रात इथे ताण फार आहे. मेट्स इन कन्स्ट्रक्शन ही संस्था त्यासाठीच उभी राहिली, आणि १७३७ या क्रमांकावर कोणालाही फोन किंवा मेसेज करून फुकट बोलता येतं. आमचा बिल्डर एका गुरुवारी म्हणाला होता, "तू फक्त कसा आहेस विचारलंस, बाकी सगळे कधी होईल विचारतात."

ऑक्टोबरच्या शेवटी तो पुन्हा ते यंत्र घेऊन आला. तळाच्या लाकडात सुया खुपसल्या, आकडा आला १७. खिशातली पेन्सिल काढून त्याने लाकडावर तारीख लिहिली, खाली १७ लिहिलं आणि मला म्हणाला, "फोटो काढ, उद्या हे झाकलं जाईल." आता त्या जागेसमोर आमचं देवघर आहे. भिंतीमागे काय आहे ते आम्हाला माहीत आहे, आणि कोणी विचारलंच तर दाखवायला फाइल आहे. शॉवरचा ट्रे मात्र जानेवारीत आला.